विकत घेतलेला गेम आमच्या हातात राहू द्या : महाराष्ट्रातील गेम स्टुडिओंना खुले पत्र

प्रति,
पुणे, मुंबई आणि राज्यात इतरत्र व्हिडिओगेम व आभासी वास्तवाचे प्रकल्प करणारे सर्व स्टुडिओ

विषय : सर्व्हर (गेम इंटरनेटवरून ज्याला जोडलेला असतो तो कंपनीचा संगणक) बंद झाल्यानंतरही गेम खेळता यावा, अशी सोय सुरुवातीपासून ठेवण्याबाबत

स. न. वि. वि.

मी गेम बनवणारा नाही, खेळणारा आहे. सांगलीत वाढलो, नोकरीनिमित्त पुण्यात आलो आणि पाचवीत असताना लागलेली व्हिडिओगेमची गोडी चाळिशी ओलांडली तरी तितकीच टिकून आहे. हे पत्र आत्ताच लिहिण्याचे कारण असे की, राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्सटेंडेड रिअ‍ॅलिटी (आभासी वास्तव वगैरे) या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आणि २०५० पर्यंतच्या आराखड्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. त्याआधी दोनच महिने मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचे पहिले संकुल सुरू झाले होते. म्हणजे येत्या काही वर्षांत आपल्याकडे पैसाही येणार आहे आणि शिकून तयार झालेली मुलेमुलीही. अशा वेळी जगातल्या मोठ्या कंपन्यांच्या कोणत्या सवयी उचलायच्या आणि कोणत्या दारातच थांबवायच्या, हे तुम्हाला ठरवावे लागेल. त्यातल्या एका सवयीबद्दल, म्हणजे सर्व्हर बंद करून विकलेला गेमच नाहीसा करण्याबद्दल, मला आग्रहाने बोलायचे आहे.

माझ्या आईवडिलांच्या घरी टीव्हीखालच्या खणात पिवळ्या रंगाची एक कॅसेट अजून आहे. १९९५ च्या मे महिन्यात टीव्ही गेमसोबत ती आमच्याकडे आली. वर शेकडो गेम असल्याचे छापलेले होते. प्रत्यक्षात पाच-सहाच होते आणि तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. गेल्या सुट्टीत भाच्यासाठी ती बाहेर काढली. आतल्या सोनेरी पट्टीवर फुंकर मारली, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून ती पुसली, खाचेत घट्ट बसवली, आणि तिसऱ्या प्रयत्नाला चित्र उमटले. तीस वर्षांनीही पहिल्या उडीला कोणते बटण किती वेळ दाबून धरायचे ते अंगठ्याच्या लक्षात होते. ती कॅसेट मूळ जपानी मालाची नक्कल होती हे मला पुष्कळ उशिरा कळले आणि त्या नकलेचे समर्थन मी करत नाही. पण वस्तू म्हणून ती आमची होती आणि आजही आहे.

त्याच दिवशी भाच्याला मला एक व्हीआर, म्हणजे डोक्यावर हेडसेट घालून खेळायचा आभासी वास्तवाचा, गेमही दाखवायचा होता. चार वर्षांपूर्वी पुरते पैसे मोजून घेतलेला. हेडसेट चार्ज केला, त्याच्या डोक्याच्या मापाने पट्टा आवळून दिला, गेम उघडला, आणि ही सेवा आता उपलब्ध नाही एवढाच एका ओळीचा निरोप आला. पोराने हेडसेट काढून माझ्या हातात दिला आणि तो पुन्हा कॅसेटकडे वळला. कंपनीचे नाव मी घेत नाही, कारण हे दुखणे एकट्या एका कंपनीचे राहिलेले नाही.

ते किती पसरले आहे हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहता. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने गाडी चालवण्याचा भागसुद्धा त्यासोबत गेला, कारण तोही सर्व्हरला विचारल्याशिवाय सुरू होत नसे. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला काढून घेतला गेला. लोकांचे पैसे परत मिळाले हे खरे. पण कितीतरी माणसांनी वर्षानुवर्षे खपून केलेले काम दोन आठवड्यांत असे गेले, की आज कोणी कुतूहलाने बघू म्हटले तरी ते अधिकृतपणे कुठेही सुरू होत नाही. आपल्याकडे तर याचा अनुभव लाखो मुलांनी एकदम घेतला. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाईलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला तो भारतात पूर्ण थांबला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय आहे आणि पुढच्या वर्षी त्याची भारतीय आवृत्ती आलीही; पण ज्या गेमचा सगळा जीव दूरच्या सर्व्हरमध्ये असतो, तो एका आदेशाने किंवा एका ताळेबंदाने संपू शकतो आणि खेळणाऱ्याच्या हाती काहीही उरत नाही, हे त्या दोन महिन्यांत उघड झाले.

याउलट उदाहरण पुण्यातच घडले आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने ‘राजी’ बनवला तेव्हा लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न २०१७ मध्ये अयशस्वी ठरला होता. तरी काम थांबले नाही आणि २०२० मध्ये गेम आला. भिंतींवरच्या चित्रांतून पुराणकथा सांगण्याची त्यांची पद्धत मला फार आवडली. काही ठिकाणी लढाई अडखळते, शेवट घाईने उरकल्यासारखा वाटतो. तरीही तो सुरुवातीपासून शेवटापर्यंत पुरा केलेला गेम आहे आणि मी तो इंटरनेट बंद असतानाही खेळू शकतो. माझ्या भाच्याच्या मुलांनाही दाखवू शकेन, असा भरवसा मला त्याच्याबद्दल वाटतो.

आता आभासी वास्तवाकडे येतो, कारण खरी काळजी मला तिथे वाटते.

या माध्यमावर माझे मनापासून प्रेम आहे, हे आधी सांगितले पाहिजे. ‘हाफ-लाईफ : अ‍ॅलिक्स’ हा व्हीआर गेम मार्च २०२० मध्ये आला, मी तो मित्राच्या घरी बऱ्याच उशिरा खेळलो. त्यात अगदी सुरुवातीला एक खोली येते, तिथे खिडकीच्या काचेजवळ रंगीत मार्कर ठेवलेले असतात. मार्कर उचलला की काचेवर खरोखर लिहिता येते. मी त्या काचेवर देवनागरीत आईचे नाव लिहिले. त्या गेममध्ये मराठीचा एक शब्द नाही, कुणी देवनागरीची सोय केलेली नाही. पण हात माझा होता आणि हाताला मराठी येत होती. तीस वर्षांच्या खेळण्यात, गेम माझ्या इतक्या जवळ आला आहे असे मला क्वचितच वाटले. पुढे आईलाही हेडसेट घालून दिला. दुसऱ्या एका गेममधल्या ओट्यासारख्या टेबलावर ती सहज हात टेकायला गेली, टेबल नव्हतेच, आणि बहिणीने दंड धरला म्हणून ती सावरली. टेबलावर विश्वास ठेवण्याइतकी ती तिथे पोहोचली होती. एवढी ताकद असलेले दुसरे माध्यम मला माहीत नाही.

पण हेच माध्यम घराघरांत का रुजत नाही, याचीही कारणे आपल्या घरांतच दिसतात. उभे राहून, फिरून खेळायचे तर साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागते. वन रूम किचनमध्ये पलंग, कपाट आणि फळीवरचे डबे सांभाळून ती कुठून आणायची? मी स्वतः हात वर नेताना एकदा पंख्याच्या पात्यापासून थोडक्यात वाचलो आहे. क्वेस्ट ३ या हेडसेटचे वजन ५१५ ग्रॅम आहे आणि त्याचा मोठा भाग चेहऱ्यावर पुढच्या बाजूला येतो. एप्रिलच्या उकाड्यात दहा मिनिटांत कपाळाची गादी घामाने भिजते आणि भिंगांवर वाफ धरते. चष्मा असलेल्यांचे हाल वेगळेच. मळमळ होते ती नवखेपणामुळे, असे सांगून काही विक्रेते वेळ मारून नेतात. खरे कारण असे की डोळे सांगतात आपण धावतो आहोत आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण जागचे हललोही नाही. या दोन साक्षी जितक्या वेगळ्या पडतात तितकी मळमळ वाढते. आणि मान वळवल्यावर चित्र मागून आले, तर सवय झालेल्या माणसालाही गरगरते. ‘बीट सेबर’ हा ठोकळे कापण्याचा व्हीआर गेम इतका लोकप्रिय झाला त्यामागे हे साधे शहाणपण आहे. खेळणारा एका जागी उभा राहतो आणि ठोकळे त्याच्याकडे येतात. मॉलमध्ये मात्र अजूनही पाच मिनिटांचा रोलर कोस्टर दाखवून पैसे घेतले जातात. तिथून ओकारी दाबत बाहेर पडलेला माणूस व्हीआर म्हणजे हेच समजून पुन्हा कधी त्या वाटेला जात नाही. या एका प्रकाराने आपल्याकडे या माध्यमाचे जेवढे नुकसान केले तेवढे किमतीनेही केले नसेल, असे माझे मत आहे.

हे सगळे दोष कष्टाने कमी होत जातील. हेडसेट हलके होतील, चित्र सुधारेल, स्वस्तही होईल. मालकीचा प्रश्न मात्र आपोआप सुटणारा नाही, उलट तो वाढतो आहे. फेसबुकने २०१४ मध्ये ऑक्युलस ही हेडसेट बनवणारी कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरना घेतली. २०२० मध्ये तिचा क्वेस्ट २ हा हेडसेट आला तेव्हा तो वापरण्यासाठी फेसबुकचे खाते सक्तीचे होते. ती सक्ती २०२२ मध्ये गेली आणि तिच्या जागी कंपनीचे दुसरे खाते आले. डोक्यावर घालायची वस्तू, तिच्यातले दुकान, त्या दुकानातले कित्येक गेम आणि ते बनवणारे काही स्टुडिओ, सगळे एकाच मालकाचे. अशा ठिकाणी मालकाचा विचार बदलला की खेळणाऱ्याला दुसरी वाट राहत नाही.

‘एको व्हीआर’चे काय झाले ते आठवा. गुरुत्वाकर्षण नसलेल्या मैदानात तरंगत, भिंतीला किंवा समोरच्या खेळाडूला धरून स्वतःला ढकलत, एक तबकडी हातोहात नेऊन गोल करायचा, असा तो सांघिक खेळ होता. या माध्यमासाठीच सुचलेली कल्पना होती ती. १ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच मालक कंपनीने तो बंद केला, आणि तो बनवणारा रेडी अ‍ॅट डॉन हा स्टुडिओही पुढच्या वर्षी बंद झाला. त्याच्या चित्रफिती आजही पाहायला मिळतात, पण त्या पाहून काहीच हाती लागत नाही. पडद्यावरचा जुना गेम बंद पडला तरी त्याच्या चित्रफितीवरून निदान अर्धा अंदाज येतो; व्हीआर गेम मात्र खांद्यात, मनगटात आणि मानेत असतो. दुसरा माणूस मान कशी वळवतो हे सपाट पडद्यावर बघताना नुसती चक्कर येते. म्हणून व्हीआर गेमचा सर्व्हर बंद करणे हे इतर कोणताही गेम बंद करण्यापेक्षा जास्त पूर्णपणे पुसून टाकणे आहे, आणि ज्यांना या माध्यमात उतरायचे आहे त्यांच्यावर त्याची जबाबदारीही जास्त आहे.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय इथे १९६४ मध्ये स्थापन झाले, म्हणजे आपल्याकडे मूकपट निघू लागले त्यानंतर पन्नासएक वर्षांनी. तोवर फिल्म जळून, चांदीसाठी वितळवून आणि निष्काळजीपणे पडून राहून कितीतरी चित्रपट गेले होते. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा; त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. व्हिडिओगेम त्याच वाटेने चालले आहेत. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी तिथे प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात मिळत नाहीत. त्यातले बरेच निदान जुन्या कॅसेट आणि सीडींच्या रूपाने कुणाच्या तरी कपाटात आहेत. आज निघणाऱ्या गेमचा तेवढाही माग राहणार नाही.

यावर तुमच्यापैकी अनेकांचे म्हणणे काय असेल याची मला कल्पना आहे, आणि ते मी हलक्यात घेत नाही. सर्व्हर चालवायला दरमहा पैसे लागतात, पंधरा-वीस माणसांचा स्टुडिओ तोट्यातला गेम किती वर्षे ओढणार? बरोबर आहे, पण सर्व्हर कायम चालवा असे मी म्हणतच नाही. बंद करताना एकट्याने खेळण्याचा भाग इंटरनेटशिवाय सुरू राहील एवढी दुरुस्ती द्या, आणि गेम सांघिकच असेल तर सर्व्हरची आज्ञावली (सॉफ्टवेअर) खेळणाऱ्यांच्या हवाली करा. ज्यांना हौस आहे ते आपल्या संगणकावर आपल्या खर्चाने चालवतील. हे शेवटच्या महिन्यात करायला गेलात तर अवघड जाते, कारण तोवर गेमचा प्रत्येक दोरा सर्व्हरला बांधलेला असतो. पहिल्या आराखड्यातच ठरवले तर त्याचा भार फारसा पडू नये. ‘द क्रू’वरून गदारोळ झाल्यानंतर त्याच कंपनीने ‘द क्रू २’ला ऑफलाइन सोय देण्याचे जाहीर केले, म्हणजे अशक्य काही नव्हते. युरोपात याच मागणीसाठी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेने दहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल माल विकणाऱ्याने ग्राहकाला, तू वस्तू विकत घेत नसून वापरण्याचा परवाना घेतो आहेस, हे स्पष्ट सांगणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे तसा कायदा होईल तेव्हा होईल. तुम्ही त्याची वाट बघण्याचे कारण नाही.

दुसरी अडचण पैसे मिळवण्याच्या रीतीची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला. त्या धंद्यातला पैसा आणि माणसे आता इतर गेमकडे वळली, तर तिथेही पोराटोरांकडून रोज दहा-वीस रुपये काढण्याची तीच युक्ती येईल, अशी मला भीती आहे. ठरावीक मुदतीपुरता घ्यायचा सीझन पास, आत काय आहे ते न सांगता विकलेली पेटी, उद्या संपणारी सवलत. आधी किंमत सांगून पुरा गेम विकणे हा सरळ व्यवहार आहे आणि तो आजही चालतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम एकट्या माणसाने घडवला. त्यात इंटरनेटची सक्ती नाही, मागाहून पैसे मागणे नाही, आणि २०१६ पासून लोक तो आनंदाने विकत घेत आहेत.

एक कल्पना आहे, ती खेळणाऱ्याच्या अधिकाराने मांडतो. व्हीआर आणि महाराष्ट्र म्हटले की लगेच गडकिल्ल्यांची सफर निघते. गड मलाही प्रिय आहेत. पण नुसते उभे राहून तटबंदी पाहायची असेल तर माणूस ती एकदा पाहतो आणि हेडसेट काढून ठेवतो. हाताला काम द्या. मी पुष्कळ विचार केला की आपला कोणता खेळ यात बसेल. विटीदांडू पहिल्यांदा मनात आला, पण त्यात दांडूला विटी लागताना मनगटाला जो झटका बसतो तो कंट्रोलरच्या थरथरीतून येणार नाही, आणि त्याच्याशिवाय विटीदांडू कसला? लगोरी मात्र बसेल. चेंडू हलका, त्यामुळे वजनाची उणीव भासत नाही. फेकणारा एका जागी उभा, त्यामुळे मळमळ नाही आणि खोलीही पुरते. सात चपट्या दगडांची चळत रचताना वरचा दगड किंचित तिरका बसला की पोटात जो गोळा येतो, तो या माध्यमात हुबेहूब येईल. मागे एखादी गल्ली असावी, तिसऱ्या प्रहराचे ऊन असावे आणि चेंडू गटारात गेल्यावर ‘ए, बॉल आण रे’ अशी हाक मराठीत यावी. चार जणांनी वर्षभरात करण्याजोगे ते काम आहे. तो गेम माझ्याकडे कायमचा राहणार असेल, तर त्याचे मी आनंदाने दीड हजार रुपये मोजेन, आणि माझ्यासारखे मोजणारे आणखी भेटतील याची मला खात्री वाटते.

मागणे दोनच गोष्टींचे आहे. तुमच्या पुढच्या गेमच्या विक्रीच्या पानावर, किमतीच्या शेजारी, सर्व्हर बंद झाला तर या गेमचे काय होईल हे एका वाक्यात लिहा. आणि गेम पुरा झाला की त्याची चालती प्रत, लागणाऱ्या आज्ञावलीसह, एखाद्या संग्रहात ठेवायला द्या. सरकारी मदत घेऊन केलेल्या गेमसाठी ही अट धोरणातच घालावी, यासाठी तुम्ही स्वतः शासनाकडे शब्द टाकलात तर तो आमच्या अर्जांपेक्षा लवकर ऐकला जाईल. चित्रपट संग्रहालय पुण्यातच आहे. गेमसाठी तिथे एक दालन मागायला सगळे स्टुडिओ मिळून गेलात, तर प्रेक्षक म्हणून तुमच्या मागे उभे राहायला मी येईन आणि ती पिवळी कॅसेटही घेऊन येईन.

कळावे.

आपला,
एक व्हिडिओगेमप्रेमी
पुणे